कर्करोगाच्या वॉर्डात नव्याने रुजू होताय? तातडीचे प्रसंग कसे ओळखाल आणि पहिल्या तासात काय कराल

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग संपवून पहिल्यांदाच ऑन्कोलॉजी वॉर्डात ड्युटी लागली की बहुतेक जणींना धास्ती असते ती केमोची. औषधांची लांबलचक नावं, पंपाचं गणित, सांडलं तर काय करायचं, हे सगळं काही आठवड्यांत अंगवळणी पडतं. वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टीला. इथली इमर्जन्सी बऱ्याचदा इमर्जन्सीसारखी दिसतच नाही. कॅज्युअल्टीत पेशंट छाती धरून येतो, घामाघूम असतो, कुणालाही कळतं. इथे काका म्हणतात, "सिस्टर, जरा कणकण वाटतेय," किंवा आजी म्हणतात, "पाठ धरलीय दोन दिवस, ही गादीच वाईट आहे." या दोन वाक्यांमागे जीवघेणा जंतुसंसर्ग आणि कायमचं पंगुत्व असू शकतं. डॉक्टर राउंडला काही मिनिटं थांबतात, तुम्ही आठ तास तिथेच असता. म्हणून हे आधी तुमच्याच कानावर पडणार आहे.

खाली औषधांचे डोस दिले आहेत ते तुम्हाला ऑर्डर समजावी आणि तयारी करता यावी म्हणून. प्रत्यक्षात लेखी ऑर्डर आणि आपल्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल हाच शेवटचा शब्द.

१. हँडओव्हर घेतानाच धोक्याची यादी बनवा

प्रत्येक बेडसाठी पाच गोष्टी विचारा: कर्करोग कुठला, शेवटची केमो कधी आणि आज कितवा दिवस, शेवटचे काउंट (रक्तपेशींचे आकडे) किती, सेंट्रल लाइन आहे का (मोठ्या शिरेत घातलेली नळी: पिक, पोर्ट वगैरे), आणि स्टिरॉइड चालू आहे का. एवढ्यावरून आज रात्री कुणाकडे जास्त चकरा मारायच्या ते ठरतं. केमोच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात. ल्युकेमिया किंवा बर्किट लिम्फोमाची केमो काल सुरू झाली असेल तर ट्युमर लायसिसचा (गाठीच्या पेशी एकदम फुटण्याचा) धोका. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट किंवा मायलोमाचा पेशंट असेल तर मणक्याकडे लक्ष.

हाताशी काय हवं:

- चालू थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि त्याच्या स्ट्रिप्स
- ब्लड कल्चरच्या बाटल्या (एक्सपायरी बघून ठेवा, रात्री दोन वाजता शोधत बसू नका)
- जोडलेला ऑक्सिजन आणि स्वतः चालवून पाहिलेलं सक्शन
- ॲड्रेनालिन, हायड्रोकॉर्टिसोन, कॅल्शियम ग्लुकोनेट, रेग्युलर इन्सुलिन, २५ टक्के डेक्स्ट्रोज, साल्ब्युटामॉलचे रेस्प्यूल, नॉर्मल सलाइन
- १६ आणि १८ नंबरचे कॅन्युला
- एक्स्ट्रॅव्हॅसेशन किट (केमोचं औषध शिरेबाहेर गेलं तर लागणारं)
- ट्रॅकिओस्टोमीचा (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी घातलेला) पेशंट असेल तर त्याच मापाची आणि एक माप लहान अशा दोन जादा ट्यूब

कागदपत्रं: केमो चार्ट, ॲलर्जीची नोंद, मागचं डिस्चार्ज कार्ड, रक्तगटाचा रिपोर्ट, इनटेक-आउटपुट चार्ट. शेवटचा चार्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो आणि सर्वांत जास्त कामाला येतो.

२. ताप आला की घड्याळ बघा

केमोवरच्या पेशंटला एकदा जरी १०१ अंश फॅरनहाइट (३८.३ सेल्सिअस) ताप आला, किंवा १००.४ (३८ सेल्सिअस) ताप तासभर टिकला, तर त्याला फेब्राइल न्यूट्रोपेनिया (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप) धरूनच चालायचं. काउंटचा रिपोर्ट यायची वाट बघायची नाही. ताप नोंदवल्यापासून पहिल्या अँटिबायोटिकपर्यंत जास्तीत जास्त ६० मिनिटं, हे उद्दिष्ट डोक्यात पक्कं हवं.

एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची प्रत्यक्ष संख्या, स्वतः काढायला शिका. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के (बँड सेल, म्हणजे कच्चे न्यूट्रोफिल, दिले असतील तर तेही धरून), भागिले १००. समजा एकूण पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, तर एएनसी ३६०. पाचशेच्या खाली म्हणजे गंभीर न्यूट्रोपेनिया. एकूण पेशी १२०० बघून "फार वाईट नाही" असं वाटू शकतं, म्हणून हे गणित दर वेळी करा.

त्या एका तासात क्रम असा:

पल्स, बीपी, श्वासाची गती, ऑक्सिजन, शुद्ध आणि लघवी बघून वेळेसह नोंदवा. ड्युटी डॉक्टरांना फोन करा. कल्चरचे दोन संच घ्या. सेंट्रल लाइन असेल तर लाइनच्या प्रत्येक ल्युमेनमधून (आतल्या प्रत्येक मार्गातून) आणि एक हाताच्या शिरेतून. मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं, कमी रक्तात जंतू सापडत नाहीत. बाटलीवर कुठून घेतलं ते लिहा. सीबीसी, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट्स, लॅक्टेट त्याच वेळी पाठवा. मग अँटिबायोटिक. साधारणपणे पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम, सेफेपिम २ ग्रॅम किंवा मेरोपेनेम १ ग्रॅम यांपैकी एकाची ऑर्डर येते. कल्चर मिळायला अडचण येत असेल तर त्यापायी अँटिबायोटिक अडवून ठेवू नका.

सगळ्यात जास्त वेळ कुठे वाया जातो माहीत आहे? औषध लिहून दिलं, नातेवाईक फार्मसीत रांगेत उभा राहिला, बिल झालं, तो परत आला, यात. पहिला डोस वॉर्डच्या स्टॉकमधून द्यायची सोय आहे का, हे रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात इन्चार्ज सिस्टरना विचारून ठेवा. सोय नसेल तर मागणी लावून धरा. आपल्या हातातली ही फार मोठी गोष्ट आहे.

इथले सापळे:

- ताप दिसला की आधी पॅरासिटामॉल देऊन मोकळं होणं. ताप उतरतो, जंतू तिथेच राहतात, आणि पुढच्या शिफ्टला चार्ट स्वच्छ दिसतो. आधी नोंद, कल्चर आणि फोन.
- ताप नाही म्हणजे संसर्ग नाही असं समजणं. स्टिरॉइडवरच्या आणि वयस्कर पेशंटला कधी कधी तापच येत नाही. अंग गार, बीपी खाली, माणूस बरळतोय किंवा नुसताच गप्प झालाय, हेही तेवढंच गंभीर.
- पू शोधत बसणं. पू पांढऱ्या पेशींचा बनतो आणि त्याच इथे नाहीत. लाइनच्या जागी थोडीशी लाली आणि दुखणं एवढंच दिसेल.
- गुदद्वारातून ताप घेणं, सपोझिटरी, एनिमा. यातलं काहीही करू नका. स्नायूत इंजेक्शनही टाळा, कारण प्लेटलेट्सही कमी असतात.

लाइन फ्लश केल्यावर थोड्याच वेळात पेशंट हुडहुडी भरून थरथरायला लागला तर लाइनमध्येच जंतू असण्याची दाट शक्यता. "एसीमुळे थंडी वाजली असेल" म्हणून पांघरूण घालून जाऊ नका. ती लाइन वापरायची थांबवा आणि लगेच कळवा. आणि रोज तोंड, काखा, जांघ, लाइनची जागा डोळ्यांनी बघा. गुदद्वाराजवळ दुखतंय का ते विचारा, लाजेने पेशंट आपणहून सांगत नाहीत.

३. पाठदुखी: गादीला दोष देण्याआधी

कर्करोग मणक्यात पसरून मज्जारज्जूवर दाब आला तर पहिलं लक्षण बहुतेक वेळा पाठदुखीच असतं, आणि ती पायातली ताकद जायच्या कित्येक दिवस, आठवडे आधी सुरू झालेली असते. साधी कंबरदुखी आडवं पडल्यावर बरी वाटते. ही मात्र आडवं पडल्यावर, रात्री, खोकताना, शौचाला जोर लावताना वाढते. पट्टा आवळल्यासारखी छाती-पोटाभोवती फिरते. छातीच्या मागच्या भागातला मणका सर्वांत जास्त वेळा सापडतो. तिथे दुखतंय म्हटलं की कान टवकारा.

बेडपाशीच दोन मिनिटांत तपासता येतं. "काका, पाय उचला, मी दाबते तो वर ढकला." दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा. पायाच्या बोटांना, मांडीच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागेला कापसाचा स्पर्श कळतो का विचारा. चालताना काल भिंत धरावी लागत नव्हती आणि आज लागतेय का? शेवटची लघवी कधी झाली?

हे महत्त्वाचं का, तर उपचार सुरू होताना जो चालतोय तो बहुधा पुढेही चालतो. ज्याचे पाय आधीच पूर्ण गेले त्याचे परत येणं फार अवघड. मधला काळ काही तासांचाही असू शकतो. म्हणून "सकाळी राउंडला सांगू" हा पर्याय इथे नाही.

कळवल्यावर संपूर्ण मणक्याचा एमआरआय सांगितला जातो, तो २४ तासांच्या आत व्हायला हवा. डेक्सामेथासोनची ऑर्डर येते, बहुतेक ठिकाणी दिवसाला १६ मिग्रॅच्या आसपास. हे इंजेक्शन भरकन ढकललं तर जांघेत, गुप्तांगाजवळ भयंकर आग होते आणि पेशंट घाबरून ओरडतो. पातळ करून सावकाश द्या आणि आधी सांगून ठेवा. साखर तपासत राहा, पोट सांभाळायचं औषध लिहिलंय का बघा. मणका स्थिर आहे हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत पेशंटला सरळ ठेवा, कुशीवर वळवताना तीन-चार जणांनी मिळून ओंडक्यासारखं एकसंध वळवा. मामा-मावशींनाही (वॉर्डबॉय आणि आयांनाही) हे नीट दाखवून द्या, कारण बेडपॅन द्यायला तेच येतात.

सापळा: मॉर्फिनवरच्या पेशंटला बद्धकोष्ठता आणि लघवी अडणं दोन्ही होतं, त्यामुळे खापर मॉर्फिनवर फुटतं. दुसरा त्याहून फसवा: थेंब थेंब लघवी गळतेय म्हणून डायपर लावला जातो, आणि खरं तर मूत्राशय तुडुंब भरून वाहत असतं. ओटीपोटावर हात ठेवून बघा.

४. ट्युमर लायसिस: केमो फार चांगली लागू पडते तेव्हा

वेगाने वाढणारी गाठ किंवा ल्युकेमिया केमोने झपाट्याने मरतो, पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं सगळं रक्तात उतरतं. पोटॅशियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड वाढतं, कॅल्शियम घटतं. केमो सुरू झाल्यावर १२ ते ७२ तासांत हे सर्वाधिक दिसतं. लक्ष ठेवायचे आकडे: पोटॅशियम ६ किंवा जास्त, युरिक ॲसिड ८ किंवा जास्त, मोठ्यांमध्ये फॉस्फरस ४.५ किंवा जास्त, कॅल्शियम ७ किंवा कमी. पेशंटच्या भाषेत: मळमळ, हातापायाला गोळे, तोंडाभोवती मुंग्या, छातीत धडधड, लघवी कमी.

तुमचं मुख्य काम लघवी मोजणं. मोठ्या माणसाला तासाला साधारण १०० मिली हवी. सलग दोन तास कमी झाली तर कळवा, शिफ्ट संपेपर्यंत बेरीज करत थांबू नका. धोका जास्त असलेल्या पेशंटचे रिपोर्ट सहा-आठ तासांनी पाठवावे लागतात. सलाइनमध्ये पोटॅशियम घालायचं नाही. रिंगर लॅक्टेटमध्येही थोडं पोटॅशियम असतं, म्हणून बाटली लावताना लेबल वाचा.

आणि नातेवाइकांच्या पिशवीकडे लक्ष द्या. आपल्याकडे पेशंट दवाखान्यात म्हटलं की शहाळं, केळी आणि मोसंबीचा रस येणारच. प्रेमाने आणलेलं असतं, पण या तीन दिवसांत शहाळ्याचं पाणी म्हणजे थेट पोटॅशियम. रागावू नका, "चार दिवसांनी चालेल, आत्ता साधं पाणी द्या" असं समजावून सांगा.

पोटॅशियम ६.५ आला आणि पेशंट ठणठणीत दिसतोय? बारीक सुईने, टूर्निकेट आवळून रक्त घेतल्यावर पेशी फुटून खोटा आकडा येतो. तरी तो खोटा आहे असं गृहीत धरू नका: ईसीजी काढा, कळवा आणि नवा नमुना पाठवा, तिन्ही एकाच वेळी. ईसीजी बदलला असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट सावकाश, मॉनिटर लावून. नंतर इन्सुलिन-डेक्स्ट्रोज आणि साल्ब्युटामॉल. कॅल्शियम आणि सोडाबायकार्ब एकाच लाइनमधून देऊ नका, साका होतो. नुसता कॅल्शियमचा आकडा कमी आहे म्हणून कॅल्शियम दिलं जात नाही, कारण वाढलेल्या फॉस्फरसबरोबर त्याचे खडे बनून मूत्रपिंडात बसतात.

रासब्युरिकेज (युरिक ॲसिड उतरवणारं औषध) देणार असतील तर जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची तपासणी झाली आहे का ते विचारा. त्यानंतरचा युरिक ॲसिडचा नमुना बर्फात ठेवून पाठवा, नाही तर औषध ट्यूबमध्येही काम करत राहतं आणि आकडा खोटा कमी येतो.

५. कॅल्शियम वाढणं

"आज बाबा फार झोपतायत." सतत तहान, सारखी लघवी, मळमळ, पोट साफ नाही, आणि हळूहळू गोंधळलेपणा. घरच्यांना वाटतं आजार वाढला. रिपोर्टमध्ये कॅल्शियम ११.२ दिसतो आणि कुणी फारसं मनावर घेत नाही. पण अल्ब्युमिन बघा. खरा आकडा = मोजलेलं कॅल्शियम + ०.८ × (४ − अल्ब्युमिन). अल्ब्युमिन २ असेल तर हा १२.८ झाला. चौदाच्या वर गेलं तर गंभीर.

उपचार म्हणजे आधी भरपूर नॉर्मल सलाइन, मग झोलेड्रॉनिक ॲसिड ४ मिग्रॅ, कमीत कमी १५ मिनिटांत, क्रिएटिनिन बघूनच. ते रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळायचं नाही. परिणाम दिसायला दोन ते चार दिवस लागतात, हे नातेवाइकांना आधीच सांगा. हाडांत कर्करोग पसरलेल्या पेशंटना एरवी कॅल्शियमच्या आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतात. उशाशी असलेल्या पिशवीत त्या आहेत का शोधा आणि डॉक्टरांना दाखवा.

६. तोंड सुजतंय, गळ्याच्या शिरा फुगल्यात

सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, वाकलं की डोकं जड, शर्टाचं वरचं बटण लागत नाही, छातीवर निळ्या शिरा. छातीतल्या गाठीने किंवा लाइनमधल्या गुठळीने वरची महाशीर दबली आहे. डोक्याकडची बाजू उंच करा, ऑक्सिजन लावा, हातातलं सलाइन आणि हातावर बीपी शक्यतो टाळा, शीर पायात घ्या. सीटीसाठी आडवं झोपवताना श्वास कोंडू शकतो, म्हणून अशा पेशंटबरोबर मामाला एकट्याला पाठवू नका, तुम्ही जा. श्वास घेताना आवाज येत असेल तर ही क्षणांची गोष्ट आहे.

७. केमो चालू असताना

पॅक्लिटॅक्सेलची रिॲक्शन बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या वेळी आणि पहिल्या काही मिनिटांत येते. त्या वेळी बेडपासून हलू नका. कार्बोप्लॅटिन उलटं वागतं: पाच-सहा वेळा काही न होता पुढच्या डोसला दगा देतं. "यांना सवय आहे" म्हणून निश्चिंत राहू नका. चेहरा लाल, छातीत किंवा कंबरेत अचानक दुखणं, "सिस्टर, कसंतरी होतंय" हे शब्द ऐकताच औषध बंद. कॅन्युला काढू नका. सेट बदलून नवीन सेटने सलाइन सुरू करा, कारण जुन्या नळीत औषध शिल्लक असतं. बीपी पडलं किंवा श्वास अडकला तर ॲड्रेनालिन ०.५ मिग्रॅ मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. इथे प्लेटलेट्सचा विचार करायचा नाही.

औषध शिरेबाहेर गेलं तर: थांबवा, कॅन्युला तशीच ठेवून सिरिंजने जमेल तेवढं परत ओढा, फ्लश करू नका, पेनने कडा आखा, फोटो घ्या, हात उंच ठेवा. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक, व्हिनक्रिस्टिनला गरम. उलट केलं तर इजा वाढते, म्हणून किटच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

व्हिनक्रिस्टिन कधीही पाठीच्या मणक्यातून द्यायचं नाही, ते जीवघेणं ठरतं. ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइनच्या पिशवीतून देण्याची पद्धत याचसाठी आहे. कुणी घाईत सिरिंजमध्ये भरायला सांगितलं तर ठामपणे नाही म्हणा.

८. तोंड आणि गळ्याचे पेशंट

तंबाखूमुळे आपल्याकडे हे पेशंट फार. रेडिएशन झालेल्या मानेतून किंवा जखमेतून अचानक थोडं ताजं लाल रक्त आलं आणि थांबलं, तर हायसं वाटून घेऊ नका. मोठी धमनी फुटण्याआधीचा तो इशारा असू शकतो. लगेच कळवा, दोन मोठे कॅन्युला, क्रॉसमॅच, सक्शन सुरू, गडद रंगाचे टॉवेल जवळ. मोठा रक्तस्राव झालाच तर घट्ट दाब, ट्रॅकिओस्टोमीचा कफ फुगवणं आणि मदतीची हाक. जिथे उपचार फक्त त्रास कमी करण्यापुरते ठरले आहेत तिथे झोपेच्या इंजेक्शनची ऑर्डर आधीच लिहून घ्या.

ट्रॅकिओस्टोमीच्या पेशंटचा श्वास अडला तर ट्यूबमधली आतली नळी काढा, सक्शन करा. स्वरयंत्र काढलेल्या पेशंटला नाकातोंडाने श्वास येतच नाही. ऑक्सिजन गळ्याच्या छिद्रावरच. बेडच्या डोक्याशी ही पाटी असलीच पाहिजे.

९. फोन कसा करायचा

"सर, पेशंट बरा दिसत नाही," एवढ्यावर रात्री तीनला कुणी उठत नाही. असं बोला:

"सर, वॉर्डमधून स्टाफ बोलतेय. बेड १२, ५४ वर्षांच्या बाई, स्तनाचा कर्करोग, केमोचा दहावा दिवस. अकरा वीसला ताप १०१.२, पल्स १२४, बीपी ९०/५६, चार तासांत लघवी नाही. कल्चर घेतलंय. अँटिबायोटिक आणि सलाइनची ऑर्डर हवी, आणि तुम्ही येऊन बघावं."

फोनवर मिळालेली ऑर्डर परत वाचून दाखवा. फोन केल्याची वेळ नोंदवा. दहा मिनिटांत उत्तर नाही आलं तर वरच्या डॉक्टरांना आणि नर्सिंग सुपरवायझरना कळवा. हे उद्धटपणाचं लक्षण नाही, वॉर्डातली हीच रीत असायला हवी.

१०. डिस्चार्जच्या दिवशी

परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातून आलेली माणसं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत राहून उपचार घेतात. काही जण केमो झाली की रात्रीच्या गाडीने गावी जातात. ताप यायचा तो तिथे, दहाव्या दिवशी. गावात ताप आला की कमरेत सुई आणि एक सलाइन हा ठरलेला उपचार. काउंट कमी असताना त्यातून गळू किंवा रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणून कार्डावर इंग्रजीत छापलेलं असेल ते असू द्या, त्याखाली स्वतः मराठीत लिहा: केमोची तारीख, कुठल्या तारखांदरम्यान जास्त जपायचं, १०१ ताप किंवा हुडहुडी आली तर गोळी घेऊन थांबायचं नाही, तासाभरात मोठ्या दवाखान्यात, कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, पायात ताकद कमी वाटली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी यायचं, वॉर्डचा चोवीस तास लागणारा फोन नंबर. घरात थर्मामीटर आहे का विचारा, नसेल तर खालच्या मेडिकलमधून घ्यायला लावा आणि कसा बघायचा ते सोबत आलेल्या माणसाकडून एकदा करून घ्या. मग त्यांनाच विचारा, "मावशी, रात्री ताप आला तर काय करणार?" उत्तरात "सकाळपर्यंत बघू" आलं, तर परत पहिल्यापासून समजावून सांगा.